तेय्यम पाहायला जायचे आहे : कधी, कुठे आणि किती दिवस?

पायवाट

नमस्कार. येत्या जानेवारीत आम्ही चौघे (आम्ही उभयता, बारावी झालेली मुलगी आणि माझ्या सासूबाई) तेय्यम (देवाचा वेश घेऊन नाचण्याचा तिकडचा पारंपरिक विधी) पाहण्यासाठी सहा दिवस उत्तर केरळात जाणार आहोत. उत्सव पाहण्यासाठी प्रवास करण्याचा आमचा मागचा अनुभव फारसा बरा नाही. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका राज्यातल्या नावाजलेल्या उत्सवाला गेलो, तेव्हा पर्यटकांसाठी घातलेल्या मांडवात तिकीट काढून बसावे लागले. निवेदक दर पाच मिनिटांनी प्रायोजकांचे आभार मानत होता आणि ज्यांचा तो उत्सव, ती माणसे दोरापलीकडे उभी राहून आमच्याकडे पाहत होती.

या वेळी एका सहल कंपनीने ‘रोज एक तेय्यम, पुढच्या रांगेत खुर्ची’ असे आश्वासन दिले आहे, आणि नेमके त्यामुळेच मन साशंक झाले आहे. स्वतःच जायचे म्हटले तर एकाच गावाच्या तीन ठिकाणी तीन तारखा सापडतात. मी पाच गावांचा आराखडा केला आहे. तो जमण्यासारखा आहे का? सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या असून त्यांचे गुडघे दुखतात. मुलीला छायाचित्रे काढायची आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दर्यावर्दी

पाच गावांची आधी दोन करा, म्हणजे दोन रात्री जागून मधले दिवस झोपता येईल. नोकरीनिमित्त मी चार वर्षे कासरगोडला होतो आणि पहिल्या हंगामात तुम्ही करायला निघाला आहात तेच केले होते. एका रात्रीत तीन ठिकाणे गाठली, प्रत्येक ठिकाणी जेमतेम अर्धा तास थांबलो आणि घरी आल्यावर कोणत्या छायाचित्रातला देव कुठला, हेही सांगता येईना.

तारखांच्या गोंधळाचे कारण साधे आहे. तेय्यम मल्याळी सौर पंचांगाप्रमाणे होतात. हंगाम तुला महिन्याच्या 10 तारखेला, म्हणजे 27 ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतो आणि मृगाच्या तोंडावर, कण्णूरजवळच्या वळपट्टणम येथील कळरिवादुक्कल भगवतीच्या तेय्यमने संपतो. बहुतेक कावूंच्या तिथी या पंचांगात बांधलेल्या असतात, त्यामुळे इंग्रजी तारीख फार तर एखाद्या दिवसाने सरकते. (कावू म्हणजे आपल्या कोकणातल्या देवराईचे सख्खे भावंड : दाट झाडी, मधे लहानसे देऊळ आणि पुढे अंगण.) परंतु काही कावूंत उत्सव दर वर्षी नसतो, आणि पेरुंकळियाट्टम नावाचा मोठा उत्सव तर बारा किंवा त्याहून अधिक वर्षांनी येतो. जुन्या यादीवर विसंबून गेलात, तर रिकाम्या अंगणात उभे राहाल. खात्रीची माहिती लॉजचा मालक, रिक्षावाले आणि स्थानिक मल्याळी वर्तमानपत्रे यांच्याकडेच मिळते. मुंबईहून लोकमान्य टिळक टर्मिनसची नेत्रावती एक्स्प्रेस कोकण रेल्वेने थेट कण्णूरला नेते. उतरल्यावर पहिला दिवस केवळ चौकशीसाठी ठेवा.

आता एका रात्रीविषयी. संध्याकाळी तोट्टम आणि वेळ्ळाट्टम होतात. त्या वेळी वेश साधा असतो आणि देवाची कथा चेंडा नावाच्या ढोलाच्या साथीने गायली जाते. बरेच पाहुणे हेच तेय्यम समजून जेवायला निघून जातात; खरा वेश मध्यरात्रीनंतर, कधी पहाटे येतो. मधल्या वेळात झोपू नका, अणियरा शोधा. अणियरा म्हणजे झावळ्यांची रंगण्याची खोपटी. तिथे माणूस जमिनीवर उताणा पडलेला असतो आणि दुसरा त्याच्या डोक्याशी बसून, नारळाच्या झावळीच्या हिराची कुंची करून त्याचा चेहरा लिहितो. तिकडे या कामाला चेहरा लिहिणे असेच म्हणतात. हळदीत चुना कालवला की लाल रंग होतो, काजळीचा काळा. दशावतारी नट आरशासमोर बसून स्वतःच रंगतो, इथे चेहरा पूर्णपणे दुसऱ्याच्या स्वाधीन केलेला असतो. मी पाहिलेला तो तरुण चेहरा लिहून होईपर्यंत चक्क घोरत होता आणि त्याच्या पापणीवर रेघ ओढणारे म्हातारबुवा, त्याचा श्वास आत गेला की तेवढाच क्षण हात थांबवत होते.

त्यानंतर देवळासमोर पीठावर, म्हणजे आसनावर बसवून त्याच्या डोक्याला मुडी, म्हणजे मुकुट बांधतात आणि हातात लहानसा आरसा देतात. आरशात त्याला स्वतःचा चेहरा दिसत नाही, देवतेचा दिसतो; तिथपासून तो माणूस राहत नाही, अशी श्रद्धा आहे. चेंड्यांची लय त्याच क्षणी बदलते. आपल्याकडच्या अंगात येण्याशी तुलना करण्याचा मोह होतो, तरी एक फरक ध्यानात घ्यावा. वारे कोणाच्या अंगात शिरेल याचा आपल्याकडे पुष्कळदा नेम नसतो. तेय्यमचा मान मात्र वण्णान, मलयन, वेलन अशा ठरावीक समाजांतल्या घराण्यांकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेला असतो आणि शिक्षण बालपणापासून सुरू होते. नाचून झाल्यावर देव पीठाजवळ थांबतो आणि लोक एकेक करून गाऱ्हाणे घालतात. आखातात नोकरीला गेलेल्या मुलाचे पत्र नाही म्हणून रडणाऱ्या एका आजींचा हात त्याने दोन्ही हातांत धरून ठेवला होता. मला भाषा समजत नव्हती. समजण्याची आवश्यकताही वाटली नाही.

खुर्चीच्या आश्वासनाबद्दल एवढेच म्हणेन की बहुतेक कावूंत प्लास्टिकच्या खुर्च्या असतात आणि रिकामी दिसली की कोणीही बसते. पाहुण्याला उठून जागा देणारेही मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

माळरान

वरच्या प्रतिसादाशी माझा थोडा मतभेद आहे. रात्रभर बसणे सगळ्यांना झेपत नाही, आणि ज्याला झेपत नाही त्याने तेय्यम पाहूच नये असे थोडेच आहे? सासूबाईंना परश्शिनिकडव येथील मुत्तप्पनच्या देवळात अवश्य न्या. कण्णूरपासून ते सुमारे 20 किलोमीटरवर वळपट्टणम नदीच्या काठी आहे. तेथे जवळपास वर्षभर रोज तेय्यम असतो, त्यामुळे तारखांची कटकट उरत नाही. मुत्तप्पन हा शिकारी देव. त्याला ताडी आणि सुकी मासळी अर्पण करतात, कुत्रे त्याचे लाडके, आणि देवळाच्या दारातही कुत्र्यांच्याच मूर्ती आहेत. प्रसाद म्हणून उकडलेले कडधान्य, खोबऱ्याचा तुकडा आणि वर चहा मिळतो. माझ्या आईला, जी आयुष्यभर सोवळ्यात वावरली, देवळात निवांत पहुडलेले कुत्रे पाहून आधी धक्काच बसला. दुसऱ्या दिवशी ती स्वतः म्हणाली की पुन्हा तिथेच जाऊ.

पायवाट

दोघांचेही मनापासून आभार. आराखडा दोन कावू आणि परश्शिनिकडव एवढ्यावर आणला आहे. आणखी तीन शंका : निखाऱ्यांवरचे तेय्यम पाहताना मुलीने कितपत जवळ जावे, छायाचित्रांची परवानगी कोणाकडे मागावी, आणि देवाने आपल्याला बोलावलेच तर दक्षिणा किती द्यावी?

गलाईकर

आमचे मूळ गाव सांगली जिल्ह्यात विट्याजवळ. सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी आजोबा केरळात आले आणि तेव्हापासून आम्ही कण्णूरचेच झालो. त्यामुळे थोडे घरच्या अधिकाराने लिहितो.

निखारे दोन तेय्यमांत प्रामुख्याने दिसतील. तीच्चामुंडी पेटलेल्या राशीवर पुन्हा पुन्हा झेपावतो, आणि त्याचे साथीदार त्याला ओढून मागे घेतात. पोट्टन तेय्यम मात्र नारळाच्या कोवळ्या झावळ्यांचा झगा घालून निखाऱ्यांवर आरामात लवंडतो आणि तिथून लोकांची थट्टा करतो. तो जे गातो त्याचा अर्थ शेजाऱ्याला अवश्य विचारा. शंकराचार्यांची वाट अडवून, तुम्हाला कापले तरी रक्त आणि मला कापले तरी रक्तच, मग वाट कोणी कोणाला सोडायची, असे विचारणाऱ्या तथाकथित अस्पृश्याची ती कथा आहे. हे ऐकवणारा कलावंत ज्या समाजातून येतो, त्याला एके काळी तिथल्या जमीनदारांच्या घरात पाऊल टाकता येत नसे. त्या एका रात्री त्याच घरातले कर्ते पुरुष हात जोडून त्याच्यासमोर उभे राहतात. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मजुरीवर जातो, आणि नाते पुष्कळ प्रमाणात पूर्वीच्याच ठिकाणी येते. आमच्या दुकानाशेजारी रंगकाम करणारा एक जण हंगामात देव होतो. नाचाआधी कित्येक दिवस तो व्रतस्थ असतो. मिळणाऱ्या मानधनावर मात्र घर चालत नाही.

आता तुमच्या शंका. निखाऱ्यांची धग दहा-पंधरा पावलांवरही सोसवत नाही, त्यामुळे मुलगी फार पुढे जाईल अशी भीती बाळगू नका. खरा धोका फटाक्यांचा असतो. 2024 च्या ऑक्टोबरअखेरीस नीलेश्वर येथील एका कावूत तेय्यम चालू असताना साठवलेल्या फटाक्यांना आग लागून दीडशेहून अधिक माणसे जखमी झाली आणि काही जणांचा पुढे मृत्यू झाला. दारूकाम कोठे ठेवले आहे हे पोहोचताच पाहून घ्यावे आणि गर्दीतून बाहेर पडण्याची वाट ध्यानात ठेवावी.

छायाचित्रांची परवानगी कावूच्या समितीतल्या माणसाकडे मागावी; छातीवर बिल्ला लावून फिरणारे स्वयंसेवक त्याच्याकडे घेऊन जातात. नाचाची छायाचित्रे बहुतेक ठिकाणी घेऊ देतात, गाभाऱ्याची नाही. अणियऱ्यात विचारल्यावाचून कॅमेरा काढू नये, आणि फ्लॅश तर कोठेच नको, कारण मध्यरात्री मशालींच्या उजेडाला सरावलेल्या डोळ्यांवर तो पडला की नाचणाऱ्याचा पाय चुकू शकतो.

दक्षिणा शंभर रुपये दिली तरी चालते, दहा दिली तरी चालते. ती उजव्या हाताने द्यावी, म्हणजे देव तुमच्या तळहातावर हळदीची पूड ठेवील आणि मल्याळीत बराच वेळ बोलेल. सासूबाईंना सांगून ठेवा की त्यांनी मराठीतच उत्तर द्यावे. आमच्या आजीने गुडघेदुखीचे गाऱ्हाणे माणदेशी बोलीत घातले होते, आणि देवाने मान हलवून शेवटपर्यंत ऐकून घेतले होते.