एसईला तीन केटी लागल्या, आता वाटतंय कॉम्प्युटर घ्यायलाच नको होतं

काठावरची:
नमस्कार, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी चिपळूणची, कॉम्प्युटर इंजिनियरिंग, सेकंड इयर, मुंबई युनिव्हर्सिटी, कॉलेजचं नाव नको. सेम थ्रीचा रिझल्ट लागला आणि तीन विषय उडाले, म्हणजे तीन केटी, एम थ्री (तिसऱ्या सेमचं गणित), डीएलसीए (डिजिटल लॉजिक आणि कॉम्प्युटर आर्किटेक्चर) आणि डिस्क्रीट स्ट्रक्चर्स. एम थ्रीत 80 पैकी 19. डेटा स्ट्रक्चरला 54 आहेत पण ते सर चांगलं शिकवायचे म्हणून असतील.

मार्कांचं एक वेळ जाऊदे, डोक्यात वेगळंच चाललंय. मी 2021 ची दहावी, म्हणजे ज्यांची परीक्षाच झाली नाही ती बॅच. 16 जुलैला निकाल लागला, मला 94 टक्के, आणि राज्याचा निकाल 99.95, म्हणजे नापास कोण झालं तेच शोधायला लागलं असतं. बाबांनी पेढे वाटले. सहाच दिवसांनी 22 तारखेला वाशिष्ठी नदी बाजारात शिरली. आमचं शिलाईचं दुकान आहे, पाणी पंख्याला लागलं होतं, चारही मशिनी चिखलात. मी आणि आई पुढचे आठ दिवस रॉकेलच्या फडक्याने एकेक स्क्रू पुसत बसलेलो, दोन चालू झाल्या, दोन भंगारात गेल्या. गिऱ्हाईकांचे लग्नाचे ब्लाउज भरून द्यायला लागले ते वेगळंच.

मग त्या 94 वर सगळे बोलले सायन्स घे, बारावीनंतर बोलले कॉम्प्युटर घे, स्कोप आहे. दुकान परत उभं करायला काढलेलं कर्ज अजून फिटतंय, त्यात माझी हॉस्टेल फी. मला सारखं वाटतं ते 94 खोटे होते आणि हे 19 खरे आहेत. घरी अजून सांगितलेलं नाही, आई फोनवर विचारते रिझल्ट कधी आणि मी म्हणते लागायचाय. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत झोप नाही. हे सोडून साधं बीएस्सी करावं का? कोणी मधेच सोडलंय का?

देवरुखवाला:
मला चार होत्या, त्यातली एम थ्री तीन अटेम्प्टमधे सुटली, त्यामुळे अधिकारवाणीने बोलतोय 😄 आधी हिशोब बघ. 80 ला पासिंग 32, तुला 13 कमी पडले. पहिला प्रश्न कंपलसरी, उरलेल्या पाचातले तीन, प्रत्येक 20 चा. तू बहुतेक माझ्यासारखीच सगळे प्रश्न थोडे थोडे चाटून आली असणार. स्टॅटिस्टिक्सचं मोड्यूल आहे ना, कोरिलेशन, रिग्रेशन, रँक वगैरे, त्यात डोकं लागत नाही, टेबल मांडायचं आणि कॅल्क्युलेटर बडवायचा, ते आणि प्रोबॅबिलिटी आधी पक्कं कर, लाप्लासकडे नंतर ये. आणि उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागव, मुदत थोडीच असते, उद्याच ऑफिसात जा. तिथेच एटीकेटीचा, म्हणजे विषय राहिलेले असताना पुढच्या वर्षाला जायचा, नियमही विचारून घे, थर्ड इयरला जायला काय काय क्लिअर पाहिजे ते हॉस्टेलच्या पोरांना विचारू नको, प्रत्येक जण वेगळं सांगतो.

गोड गोड बोलणार नाही, केटीने मला त्रास झालाच. लाइव्ह केटी, म्हणजे न सुटलेली, म्हणून कॅम्पस इंटरव्ह्यूला बसू दिलं नाही, बरोबरचे जॉइन झाले तेव्हा मी घरी काजूच्या बिया गोळा करत होतो. सात महिन्यांनी पुण्यात टेस्टिंगमधे लागलो. आता ऑफिसमधे एम थ्रीचे मार्क कोणी विचारत नाही.

बंदरावयलो:
अगो बाय, तीन केटींनी समुद्र आटना नाय. माका पाच लागलेले. आता मालवणात बोटींचे जीपीएस नि फिशफाइंडर दुरुस्त करतंय, प्वाट भरता. पयली झोप काड.

दापोलीकरीण:
मी सोडलंय मधेच, म्हणून लिहिते. फर्स्ट इयर मेकॅनिकल केलं, दोन विषय गेले, रडून रडून घरच्यांना तयार केलं, परत सीईटी दिली आणि दापोलीला कृषी विद्यापीठात बीएस्सी ॲग्रीला ॲडमिशन घेतली. आज मला बरं वाटतं की सोडलं, आमची गुहागरकडे थोडी कलमं आहेत, मोहोर आला की बाबा आता मला विचारून फवारणी ठरवतात, त्याचं सुख वेगळंच. पण तेव्हा मी ॲग्री आवडतं म्हणून गेले नव्हते, गणितापासून पळाले होते. आणि तिकडे काय वाढून ठेवलेलं, तर स्टॅटिस्टिक्स!! काय-स्क्वेअर टेस्ट, टी टेस्ट, सगळं. वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर सिग्मा बघून मला हसू आलं की रडू ते आठवत नाही.

खर्चाचं पण बोलून घेऊ कारण ते कोणी सांगत नाही. एक वर्ष गेलं, त्या वर्षाची फी गेली, गॅपचं ॲफिडेव्हिट करायला लागलं, आणि कॉलेजने ओरिजिनल कागद द्यायला खूप खेटे घालायला लावले. तुला तशी वेळ आली तर घाबरू नको, ओरिजिनल सर्टिफिकेटं अडवून ठेवता येत नाहीत, यूजीसीने 2018 मधे तसं स्पष्ट काढलंय, लेखी अर्ज दे आणि पोच घे.

मला एक सांग, कॉम्प्युटर नको म्हणजे नक्की काय नको? लॅबमधे बसायचा कंटाळा येतो की पेपरला बसायची भीती वाटते?

काठावरची:
@दापोलीकरीण ताई, हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. लॅबचा कंटाळा नाही येत. लिंक्ड लिस्टचा प्रोग्राम चालत नव्हता तेव्हा मी मेसचं जेवण चुकवून बसले होते आणि शेवटी एक पॉइंटर चुकीचा होता तो सापडला तर एकटीच टाळ्या वाजवल्या. पण मग हे 19 का?

गणितवाले मास्तर:
बाळा, मी ज्युनियर कॉलेजला सत्तावीस वर्षं गणित शिकवलं, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तुझी बॅच माझ्या हाताखालून गेलेली आहे. 2021 ला तुमचे अकरावीचे प्रवेशच मुळात लांबले, आणि निम्मी अकरावी मोबाईलवर. मी स्वतः घराच्या पडवीत, रेंज येते तिथे, एका हातात फोन आणि एका हातात खडू धरून त्रिकोणमिती शिकवलेली आहे. वर्गात ऐंशी मुलं होती, फोनवर नऊ यायची, त्यातली चार नाव दाखवायला. तेव्हा तुमचं जे राहिलं ते माझ्या डोळ्यांदेखत राहिलं.

आता तुझे 19. लाप्लासमधे साइन 2 टी कॉस 3 टी आलं की पहिली पायरी काय? गुणाकाराची बेरीज-वजाबाकी करायची. हे एम थ्रीचं नाहीच, अकरावी भाग 1, तिसरं प्रकरण, त्रिकोणमिती दोन. इनव्हर्स लाप्लासला पार्शल फ्रॅक्शन लागतात, ती बारावी भाग 2, इंटिग्रेशनमधे. फूरियर सीरिजला तेच, बाय पार्ट्स आलं नाही आणि कॉस एन पाय म्हणजे मायनस वनचा एन घात हे चटकन सुचलं नाही की आठ मार्कांचं गणित दुसऱ्या ओळीत बसतं. तू गाईड घेऊन एम थ्री घोकतेस आणि गाईडवाला या पायऱ्या गाळतो, त्याला वाटतं येत असणारच. दोन्ही पुस्तकं बालभारतीच्या साइटवर फुकट आहेत, पीडीएफ उतरवून घे. फोटोकॉपी आली की प्रत्येक गणितात हात कुठल्या ओळीला थांबला तिथे पेन्सिलने खूण कर, बाकी काही करू नकोस. मग मला इथे लिही.

94 चं म्हणशील तर, ते खोटे नव्हते, पण ते तुझ्या नववीचे आणि शाळेतल्या तोंडी-लेखीचे होते, त्यांच्यावर अकरावीचा भार टाकायचा नव्हता. आणि डेटा स्ट्रक्चरचे 54 सरांनी पेपरात येऊन लिहिले का? मला त्या "असतील" चा राग आला.

देवरुखवाला:
मास्तर 🙏 मला कोणी हे सांगितलं असतं तर दोन अटेम्प्टची फी वाचली असती.

खेडचा बाप:
माझा मुलगा पण इंजिनियरिंगला आहे म्हणून बापाच्या बाजूने लिहितो. रिझल्ट लागल्याचं आम्हाला कळतं गं, पोरं ऑनलाइन बघतात आणि शेजारच्यांची पोरं सांगतात. आम्ही विचारत राहतो कारण तू सांगावंस असं वाटतं. दुकान पंख्यापर्यंत बुडालेलं ज्याने बघितलं तो 19 ने बुडणार नाही. शनिवारी घरी जाऊन सांग, फोनवर सांगू नको. आणि झोपेचं हसण्यावारी नेऊ नको, 14416 वर टेलिमानस आहे, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी, फुकट, रात्री पण उचलतात आणि मराठीत बोलतात. आमच्या घरात कामाला आलेलं आहे, जास्त लिहीत नाही.

काठावरची:
उशीर झाला, सॉरी. शनिवारी घरी गेले. काका तुमचं खरं निघालं, आईला आधीच माहीत होतं, बाजूच्या दुकानातल्या मुलाने सांगितलेलं. ती पिको करत होती, मशीन थांबवलीच नाही, पाय चालूच, बोलली तीन का, मला तर चार सांगितल्या. बाबा काही बोलले नाहीत, रात्री जेवताना विचारलं परत परीक्षेला किती भरायला लागतील. तेवढंच. मला त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं. 14416 ला एकदा फोन केला, झोप अजून नीट नाही पण दीड-दोनला लागते.

फोटोकॉपी आली. मास्तर, तुम्ही सांगितलं तसं केलं. एम थ्रीत बारा ठिकाणी पेन्सिल लागली, त्यातल्या नऊ खुणा ट्रिग नाहीतर पार्शल फ्रॅक्शनवर आहेत. एका गणितात मी 2 साइन ए कॉस बी लिहून पुढे रेघ मारून सोडून दिलंय, म्हणजे आठवत होतं की काहीतरी आहे. डीएलसीएत मात्र तसं काही नाही, तिथे सरळ अभ्यासच केला नव्हता, ते माझं मीच ओढवून घेतलंय. डिस्क्रीटमधे एक उत्तर तपासायचंच राहिल्यासारखं दिसतंय म्हणून रीव्हॅल्युएशनला टाकलंय, बघू.

सोडायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही, सेम फोरचा रिझल्ट लागेपर्यंत त्यावर बोलायचं नाही असं आईशी ठरलंय. मास्तर, तिसऱ्या प्रकरणातले 3.1 ते 3.3 झाले, 3.4 मधे अडकलेय, साइन ए अधिक साइन बी चं सूत्र सिद्ध करताना ते सी आणि डी कुठून येतात ते कळत नाहीये. वहीचा फोटो टाकू का?

गणितवाले मास्तर:
टाक. खोडलेलं पण दिसू दे.