मदत हवी आहे: धार्मिक भयपटासाठी संदर्भ (लवकर!)

अंधारकोठी:
शनिवारी कॅमेरामनला लूक दाखवायचाय. नुसतं ‘भीतीदायक’ म्हटलं की तो निळा प्रकाश आणि धूर सुचवतो. विषय धार्मिक आहे, अंगावर काटा यायला हवा, पण भूत नको. कुठले सिनेमे बघू? उलटी फिरणारी मान सुचवू नका, ते पाहून झालंय.

तिरकस:
धर्म कुठला? लघुपट की मोठा? भक्त घाबरलाय की भक्ताला बाकीचे घाबरलेत?

जुनी_रीळं:
काहीही असो, दिग्दर्शक ड्रायरचा ‘पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ (१९२८) बघा. मूकपट. जोन झालेल्या फाल्कोनेत्तीच्या चेहऱ्याला मेकअप नाही आणि कॅमेरा हटतच नाही. सैतानाची गरजच पडत नाही, खटल्यात तिला प्रश्न विचारणारे धर्मगुरू पुरतात.

रात्रपाळी:
मूकपटाला आज कोण घाबरतं? झपाटलेल्या मुलीचा ‘एक्झॉर्सिस्ट’च (१९७३). नटांच्या तोंडून वाफ दिसावी म्हणून दिग्दर्शक फ्रीडकिनने खोलीचा सेट खरोखर गार करवला होता.

जुनी_रीळं:
त्यातलीच ती उलटी मान नको म्हणालेत ना ते! शिवाय फ्रीडकिन स्वतः ड्रायरच्याच ‘ऑर्डेट’ या सिनेमाचा प्रभाव सांगायचा. फिरून तिथेच आलात.

रात्रपाळी:
बरं, ‘एक्झॉर्सिस्ट’मधला म्हातारा पाद्री, माक्स फॉन सिडो, तेव्हा चाळिशीतला होता. सगळी मेकअपची करामत!

अंधारकोठी:
विषयावर या. लघुपट आहे, १५ मिनिटं. मठातल्या बाईशी देव बोलतो, म्हणजे तिला तसं वाटतं. ‘धार्मिक’ म्हटल्यावर एवढं कळायला हवं.

तिरकस:
कसं कळणार? असो. मग लूदाँचं प्रकरण बघा. फ्रान्समधल्या या गावात नन्सना सैतानाने झपाटलं म्हणून ग्रांदिए या धर्मगुरूला १६३४ साली जिवंत जाळलं. केन रसेलचा ‘द डेव्हिल्स’ (१९७१) त्यावरच, नुसता कल्लोळ. त्याआधी कावालेरोविचने ‘मदर जोन ऑफ द एंजल्स’ (१९६१) केला. तो पोलंडमध्ये घडतो, पाद्री जाळल्यानंतरची गोष्ट. उजाड माळ, पांढऱ्या झग्यातल्या नन्स, फ्रेममध्ये भरपूर मोकळी जागा. तुमच्या बाईला हाच जवळचा. रसेल पंधरा मिनिटांत झेपणार नाही.

लेन्सवेडा:
३५ मिमीची प्राइम (झूम न होणारी) लेन्स घ्या, झूम अजिबात नको.

अंधारकोठी:
लेन्स विचारलीच नाही. तिरकस, ‘मदर जोन’ कृष्णधवल आहे का? आमचं शूट रंगीत आहे.

तिरकस:
कृष्णधवलच. आणि हे रंगीतचं आत्ता सांगताय?

रात्रपाळी:
‘एक्झॉर्सिस्ट’ रंगीत आहे.