‘नॉट रिचेबल’ की ‘प्रसिद्धिपराङ्मुख’?

देवगडहून विचारणा:
बाळशास्त्री जांभेकरांचे पोंभुर्ले आमच्याच तालुक्यात असल्याने ६ जानेवारीच्या पत्रकारदिनासाठी विद्यार्थी वृत्तपत्रीय शब्दांचे भित्तिपत्रक तयार करीत आहेत. त्यात ‘नॉट रिचेबल’ऐवजी ‘प्रसिद्धिपराङ्मुख’ लिहिल्यास चालेल काय?

राजापूरहून उत्तर:
चालणार नाही. पराङ्मुख म्हणजे तोंड फिरवलेला. प्रसिद्धी दारी आली तरी जो तिच्याकडे पाठ करतो तो प्रसिद्धिपराङ्मुख, म्हणून हा शब्द गौरवपर भाषणांत आणि मृत्युलेखांत शोभतो. बातमीतला ‘नॉट रिचेबल’ पुढारी एरवी प्रत्येक उद्घाटनाच्या छायाचित्रात पुढच्या रांगेत असतो आणि पक्षात बंडाळी झाली की नेमका त्याच दिवशी त्याचा फोन बंद लागतो. ‘अज्ञातवास’ही जुळत नाही, कारण विराटाच्या घरी पांडव लोकांतच वावरत होते, लपवली होती ती ओळख. ‘संपर्कक्षेत्राबाहेर’ म्हटले तर अर्थ बरोबर येतो, पण खोच जाते. मी तरी ‘नॉट रिचेबल’च ठेवीन.

आपल्या भागात मात्र तो जपून वापरावा. डोंगराआडच्या वाडीतल्या सरपंचाला किंवा खोल समुद्रात गेलेल्या तांडेलाला खरोखरच रेंज नसते. अशा वेळी ‘संपर्क होऊ शकला नाही’ एवढेच लिहावे. त्याचप्रमाणे, महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांनी वृत्तपत्रांशी बोलण्यावर बंधने घातलेली असताना तहसील कचेरीतल्या लिपिकाने ‘प्रतिक्रिया टाळली’ असे छापणे मला अन्यायाचे वाटते.

वेंगुर्ल्याहून पुरवणी:
भित्तिपत्रकात ‘खुलासा’ अवश्य घ्यावा. कचेरीत खुलासा ‘मागवला’ जातो, म्हणजे आधी कोणीतरी जाब विचारलेला असतो. कंपनी किंवा संस्था मात्र पत्रकार परिषद न घेता, एकही प्रश्न अंगावर न घेता, संध्याकाळी उशिरा पत्रक धाडते आणि त्यालाही खुलासाच म्हणते. माझ्या मते त्याला नुसते ‘प्रसिद्धिपत्रक’ म्हणावे. काही जण अशा पत्रकाला सरसकट ‘सारवासारव’ म्हणतात, तेही सैल आहे. अंगण उखणल्यावर सारवायला घेतात, तसे आधी काहीतरी भलते बोलून झालेले असले, तरच ती सारवासारव.

राजापूरहून पुन्हा:
मान्य. मुळात जो तोंडच उघडत नाही त्याच्यासाठी ‘मूग गिळून बसला’ आहेच, फक्त तो बातमीत न घालता अग्रलेखात घालावा.