मदत हवी आहे: कुवेतला ईद आधी, बोकड गावात दुसऱ्या दिवशी. नवऱ्याने केस कधी कापायचे?

नमस्कार. माझं माहेर कोल्हापूरचं, म्हणजे हनफी. सासर दापोलीकडचं, शाफई (दोन्ही सुन्नींचे मजहब, म्हणजे धर्मनियमांचे पंथ). नवरा कुवेतला. कुर्बानी त्याच्या नावाने इथे गावातच होते. बोकड आणलाय, अंगणात फणसाचा पाला खात उभा असतो.

जिल्हिजचा, म्हणजे बकरी ईदच्या महिन्याचा, चांद दिसला की कुर्बानी देणाऱ्याने केस-नखं कापायची नाहीत, हे माहेरीही ऐकलं होतं, पण तिकडे कुणी फार मनावर घेत नसे. इथे सासूबाईंचं एकदम कडक. चांदाच्या आदल्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांची नखं स्वतः समोर बसवून कापून घेतली.

अडचण अशी. कुवेतला ईद बहुतेकदा आपल्या एक दिवस आधी येते, यंदाही तसंच आहे. नवरा म्हणतो, ईदच्या नमाजाला दाढी-केस नीट करून जाऊ दे, इथे तर ईद झालीच. पण बोकड इथे दुसऱ्या दिवशी कापला जाणार. त्यात त्याच्या खोलीतल्या मित्राने कुठलातरी व्हिडिओ दाखवून सांगितलं की कापलेस तर हराम आणि कुर्बानीही वाया. त्याने रात्री साडेअकराला फोन करून मलाच विचारलं!

शिवाय दोन बारीक शंका. बोकडाचं दावं ओढताना माझं नख अर्धं उचकटलंय, पदराला अडकतं आणि ठणकतं. आणि सासूबाई म्हणतात केसही विंचरू नकोस, गळतात.

प्रतिसाद १
हे पैगंबरांच्या पत्नी उम्म सलमा यांनी सांगितलेल्या हदीसवरून (पैगंबरांच्या वचनावरून) आलंय, सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे: जिल्हिजचे पहिले दहा दिवस सुरू झाले आणि कुर्बानीचा इरादा असेल, तर केस-नखांना हात लावू नये. आता मतभेद. इमाम अहमद यांच्या मजहबात हे सक्त मनाई मानतात, तुमच्या नवऱ्याच्या मित्राने बहुधा तेच ऐकलंय. शाफईंमध्ये कापणं मकरूह (नापसंत), हराम नाही. हनफींमध्ये न कापणं मुस्तहब (चांगलं, पण सक्तीचं नाही). गंमत म्हणजे कुर्बानी स्वतः हनफींकडे ऐपतवाल्याला वाजिब (बंधनकारक) आणि शाफईंकडे सुन्नत (पैगंबरांची रीत, सक्ती नाही). पण कुर्बानी वाया जाते असं कुणीच म्हणत नाही. दंड, फिदयाही (भरपाईही) नाही.

प्रतिसाद २
मुदत ईदच्या नमाजापर्यंत नाही, जनावर कापलं जाईपर्यंत आहे. त्यामुळे नवऱ्याने त्याच्याकडचा चांद धरून थांबायचं आणि गावातल्या बोकडावर सुरी फिरेपर्यंत थांबायचं. एक दिवस जास्त, इतकंच. आपले सकाळचे नऊ म्हणजे कुवेतचे साडेसहा, न्हाव्याचं दुकान उघडायच्या आत काम झालेलं असेल.

आणि हा एहराम (हज-उमऱ्यातली बंधनांची अवस्था) नव्हे. आंघोळ, अत्तर, नवे कपडे, सगळं चालतं. ईदच्या दिवशी तो नीटनेटका दिसेलच, फक्त वस्तरा नको.

प्रतिसाद ३
ताई, नख कापून टाका. तुटकं, दुखणारं नख काढायला हरकत नाही, आणि बहुतेक उलेमांच्या मते बंधन ज्याच्या नावाने कुर्बानी त्यालाच, घरातल्या सगळ्यांना नाही. विंचरायलाही मनाई नाही, गळले तर गळले. सासूबाईंशी मात्र मसल्यावरून (धर्मनियमावरून) वाद घालू नका, त्या प्रेमानेच सांगतायत. (हा अनुभवाचा सल्ला आहे, फतवा नव्हे.)

आणि माहेरच्यांसाठी: हनफींमध्ये नखं, बगलेचे केस वगैरे काढून ४० दिवस होत आले असतील, तर मुस्तहबसाठी अडून बसू नये, काढावेत. म्हणून चांदाआधीच उरकायचं. तुमच्या सासूबाई बरोबर करतात.

मूळ प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. गावच्या मौलवीसाहेबांनाही विचारलं, त्यांनीही हेच सांगितलं. नख कापलं. विंचरण्याचं सासूबाईंना अजून पटलेलं नाही, त्यामुळे मी आतल्या खोलीत विंचरते.

नवऱ्याला कळवलंय की बोकड झाला की मिस कॉल देते. ईदचा फोटो टोपी घालून काढ म्हटलं. त्याचं उत्तर आलं: टोपी मावत नाही.