मदत हवी आहे: डासांच्या नात्यागोत्यावरून त्यांची धाव कशी मोजायची?

नमस्कार मंडळी. सांगलीत एमएस्सी प्राणिशास्त्र करतेय, प्रकल्प डेंग्यूच्या एडिस इजिप्ती डासावर आहे. डास किती लांब जातो हे पाहायला त्यांना रंगाची पूड लावून सोडतात आणि पुन्हा पकडतात. पण आपल्याच गल्लीत डास सोडतेय म्हटल्यावर शेजारी काय करतील ते सांगायला नको! म्हणून नात्याची पद्धत घेतली. डीएनएवरून सख्खी, सावत्र, चुलत-मावस भावंडं ओळखायची आणि ती एकमेकांपासून किती अंतरावर सापडली ते बघायचं. क्वालालंपूरमध्ये असं काम झालंय, पेपर २०१९ चा आहे.

विश्रामबाग आणि शामरावनगरला काळे डबे ठेवलेत, आत खडबडीत कागदाची पट्टी. पाण्याच्या रेषेच्या जरा वर बारीक काळी अंडी चिकटलेली दिसतात. दारोदारी पिंपं भरलेली, त्यामुळे डासांना जागेची ददात नाही.

आता अडचण. एका डब्यातली बरीच अंडी एकाच आईची निघणार. सगळ्यांचा डीएनए करायला पैसे नाहीत, मग डब्यामागे किती घ्यावेत? सर म्हणतात दहा-बारा मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, नातं ओळखायच्या खुणा) पुरे. पुरतील का? आणि सख्ख्या भावंडांमधलं अंतर म्हणजेच डासाची धाव धरायची का?

प्रतिसाद

ताई, शेवटच्याचं उत्तर आधी: नाही. या डासाची मादी अंडी थोडी इथं, थोडी तिथं घालते. सख्ख्यांच्या अंतरातून फक्त तिची ती भटकंती कळते. चुलत-मावस भावंडांच्या अंतरात आजीची भटकंती असतेच, वर दोन्हीकडच्या आईबापांच्या पिढीचा प्रवास. म्हणून चुलतांच्या अंतरांच्या व्हेरिअन्समधून (अंतरं किती विखुरलीत त्याचं वर्गातलं माप) सख्ख्यांचा वजा करा आणि दोनने भागा. नुसती अंतरं वजा करू नका.

दहा-बारा मायक्रोसॅटेलाइटवर सावत्र आणि चुलत यांची सरमिसळ होणार. सामाईक डीएनएचा सरासरी वाटा ०.२५ आणि ०.१२५, फरकच केवढासा! हजारो एसएनपी (डीएनएतले एकेका अक्षराचे फरक) हवेत, त्यासाठी रॅड सिक्वेन्सिंग (डीएनएचे ठरावीक भागच वाचायची पद्धत) बघा. पैसे वाचवायचे तर डब्यामागे दोन-तीनच घ्या, पण डबे वाढवा.

मूळ धागाकर्ती

धन्यवाद दादा! डबे दोन झुबक्यांत ठेवू की सलग?

प्रतिसाद

सलग, आणि जमेल तेवढ्या लांबवर. डब्यांच्या हद्दीपलीकडे गेलेला भाऊ तुम्हाला सापडणारच नाही, मग धाव उगाच कमी दिसते.