गोवर गेला, पण पोर सारखं आजारी. असं का होतं?

सानूची_आई:
आम्ही गोवंडीला राहतो. नोव्हेंबर २०२२च्या साथीत माझ्या ३ वर्षांच्या सानूला गोवर निघाला. लॉकडाऊनमध्ये नवव्या महिन्याची लस चुकली आणि मग राहूनच गेली. चूक माझीच. पुरळ आठवड्यात गेलं, पण डिसेंबरात कान फुटला, संक्रांतीला जुलाब, आता दुसऱ्यांदा छाती भरलीये. आधी वर्षाकाठी एखादी सर्दी, बस. सासूबाई म्हणतात, "उष्णता बाहेर पडली, आता पोर दणकट होईल." दणकट कुठली, फ्रॉक सैल व्हायला लागलेत.

सिस्टर_ताई:
माझी आजीपण हेच म्हणायची. होतं मात्र उलटं. एकदा होऊन गेलेल्या दुखण्याची ओळख ठेवणाऱ्या पेशी आपल्या रक्तात असतात. तोच जंतू परत आला की त्या लगेच अंगावर धावून जातात. गोवराचा विषाणू नेमका त्याच पेशींत शिरतो आणि त्यांना मारतो. नेदरलँड्समध्ये २०१३च्या साथीत लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं होतं. आधीच्या प्रतिपिंडांपैकी (जंतूंशी लढणाऱ्या अँटीबॉडीज) कुणाची ११ टक्के गेली होती, कुणाची तब्बल ७३. लबाडी बघा, स्वतः गोवराची ओळख तेवढी जन्मभर पक्की ठेवून जातो! लशीने असं पुसलं जात नाही. गेलेली ओळख भरून यायला २-३ वर्षंही लागू शकतात.
श्वास भराभर चालला किंवा बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या. गोवराच्या वेळी 'अ' जीवनसत्त्व पाजलं होतं का? कार्ड बघा.

भिवंडीकर:
गोवर येऊन गेला ना, मग आता ती लस कशाला?

सिस्टर_ताई:
त्याच सुईत रुबेलाची पण लस असते, दादा. ती बाकीच आहे.

सानूची_आई:
कार्ड सापडलं, पत्र्याच्या पेटीत साड्यांखाली होतं. 'अ'चे दोन्ही डोस लिहिलेत, पण त्रिगुणी लशीच्या (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टरचा रकानाही कोराच. आज छाती तपासून आणते, लशीचं तिथेच विचारते. धाकटा ८ महिन्यांचा आहे, त्याची तारीख आशाताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने गोल करून दिलीये.