नव्या घरासाठी उपकरणे: राहायला जाण्यापूर्वी एकदम घ्यावीत की गरज पाहून?

प्रश्न

नमस्कार. येत्या दोन महिन्यांत आम्ही नव्या घरात राहायला जाणार आहोत. घर इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. घरात आम्ही दोघे, शाळेत जाणारी मुलगी आणि माझी आई असे चौघे जण असू. आईने सत्तरी ओलांडली आहे आणि गुडघेदुखीमुळे तिला वाकणे किंवा उकिडवे बसणे जमत नाही. आतापर्यंतच्या घरातील बहुतेक उपकरणे घरमालकांची होती, त्यामुळे फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर, मायक्रोवेव्ह, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, स्वयंपाकघरातील चिमणी आणि एक वातानुकूलन यंत्र एवढे सगळे नव्याने घ्यावे लागेल. एका दुकानदाराने या सातही वस्तू एकदम घेतल्यास चांगली सवलत देऊ केली आहे. सामान आताच घेऊन नव्या घरात ठेवून द्यावे, म्हणजे राहायला गेल्यावर धावपळ होणार नाही, असे माझ्या यजमानांचे मत आहे. मला मात्र घर वापरल्याशिवाय इतके निर्णय एका दिवसात घेण्याची भीती वाटते. त्यातच वायरमनला पुढच्या आठवड्यात विजेच्या पॉइंटच्या जागा सांगायच्या आहेत. सगळे एकदम घ्यावे का, वॉशिंग मशीन समोरून उघडणारे घ्यावे की वरून, आणि पॉइंट ठरवताना काय पाहावे, याविषयी अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

आपल्या तीन प्रश्नांपैकी तिसरा सर्वांत तातडीचा आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. उपकरण चुकले तर बदलता येते, पण भिंतीच्या आत गेलेली तार बदलायची म्हणजे नव्याने गिलावा आणि रंग आलाच. त्यामुळे वस्तू कधीही घ्या, त्यांची जागा आणि वीज आताच ठरवा. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर १६ अँपिअरचा पॉइंट जास्तीत जास्त सुमारे ३,६८० वॅटचा भार घेऊ शकतो. गीझर साधारण २,००० ते ३,००० वॅटचा असतो, समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनमधील पाणी तापवणारा हीटर २,००० वॅटच्या आसपास असतो, आणि इंडक्शन शेगडी किंवा विजेची किटलीही साधारण तेवढीच वीज घेते. स्वयंपाकघरात ओट्यावर एकाच तारेवर दोन सॉकेट दिले आणि त्यांवर शेगडी व किटली एकाच वेळी लावली, तर भार ४,००० वॅटच्या आसपास, म्हणजे मर्यादेबाहेर जातो आणि एमसीबी (भार जास्त झाल्यास वीज तोडणारा स्विच) पडू शकतो. म्हणून गीझर, वॉशिंग मशीन, वातानुकूलन यंत्र आणि ओट्यावरील किमान एक जड पॉइंट यांना वितरण पेटीपासून प्रत्येकी स्वतंत्र तार ओढून घ्यावी. १६ अँपिअरच्या पॉइंटसाठी किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार लागते. गीझर आणि वातानुकूलन यंत्रासाठी, विशेषतः अंतर जास्त असेल तर, ४ चौरस मिलिमीटरची घेणे शहाणपणाचे आहे.

पुढची गोष्ट जिवाशी संबंधित आहे, म्हणून आग्रहाने सांगतो. जिथे पाणी आणि वीज एकत्र येतात, म्हणजे न्हाणीघर आणि कपडे धुण्याची जागा, तिथल्या तारा विजेची ३० मिलिअँपिअर गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर (आरसीसीबी) असाव्यात आणि अर्थिंग मोजून घ्यावे. एमसीबी तारेचे रक्षण करतो, माणसाचे नाही. शरीरातून जाणारा प्रवाह त्याला जाणवण्याइतका मोठा नसतो. काम पूर्ण झाल्यावर वायरमनला या स्विचचे चाचणी बटण आपल्यासमोर दाबून दाखवायला सांगा.

सगळे आधी घेऊन ठेवण्याच्या मी विरोधात आहे, आणि त्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. बहुतेक वस्तूंची हमी बिलाच्या तारखेपासून सुरू होते. दोन महिने खोक्यात पडून राहिलेल्या यंत्राची दोन महिन्यांची हमी न वापरताच संपते. त्याशिवाय पोचा किंवा तडा लक्षात आल्यास वस्तू बदलून मिळण्याची मुदत सहसा थोड्याच दिवसांची असते, आणि खोके उघडले जाईपर्यंत ती उलटून गेलेली असते. माझ्या बाबतीत नेमके हेच झाले. सुतारकाम चालू असलेल्या घरात आणून ठेवलेल्या फ्रिजची मागची बाजू दबलेली होती, हे सात आठवड्यांनी समजले, आणि तोवर विक्रेत्याने हात वर केले होते. सवलत खरोखर चांगली असेल तर सौदा आता करा, पण बिल आणि वस्तू राहायला जाण्याच्या आठवड्यात मिळतील असे लेखी घ्या.

दुसरा प्रतिसाद

वरील मताशी मी मोठ्या प्रमाणात सहमत आहे, परंतु ‘गरज पाहून घ्या’ या सल्ल्याला फ्रिज आणि वॉशिंग मशीन अपवाद मानावेत, कारण चार माणसांच्या घरात या दोन्हींची गरज पहिल्याच दिवशी लागते. वातानुकूलन यंत्राचे मात्र अगदी उलट आहे. कोणत्या भिंतीवर दुपारचे ऊन येते, वारा कुठून येतो, हे घरात राहिल्याशिवाय समजत नाही. १ टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता, आणि ती जास्त घेतली की अधिक चांगले असा समज चुकीचा आहे: खोलीच्या मानाने फार मोठे यंत्र हवा पटकन थंड करून थांबते, तेवढ्या वेळात हवेतला दमटपणा पुरेसा निघत नाही, आणि खोली गार असूनही चिकट वाटते. आता फक्त पॉइंट, नळ्यांसाठी भिंतीतले भोक आणि पाणी निघून जाण्यासाठी बाहेरच्या बाजूला उतार असलेली नळी करून ठेवा.

वॉशिंग मशीनबद्दल निर्णय घेण्यापूर्वी एक मोजमाप करा, जे दुकानात कोणीही विचारत नाही. आपण सर्वांत वरच्या मजल्यावर आहात, म्हणजे पाण्याची टाकी बहुधा आपल्या डोक्यावरच आहे. पाण्याच्या दर एक मीटर उंचीमागे नळाला सुमारे ०.०१ मेगापास्कल दाब मिळतो. समोरून उघडणाऱ्या अनेक यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत किमान दाब ०.०३ किंवा ०.०५ मेगापास्कल असावा असे लिहिलेले असते. म्हणजे टाकीतील पाणी यंत्राच्या नळापेक्षा किमान तीन ते पाच मीटर उंच हवे. बादली भरायला किती वेळ लागतो यावरून याचा अंदाज बांधू नका. यंत्रात पाणी सोडणारी झडप पाण्याच्याच दाबाच्या आधाराने उघडते आणि मिटते, त्यामुळे नळाला धार भरपूर दिसत असूनही दाब कमी पडला तर यंत्र पाणी भरताना अडकून राहते, आणि क्वचित झडप नीट न मिटल्याने पाणी ठिबकतही राहते. टाकी रिकामी होत आलेली असतानाची पातळी गृहीत धरा, भरलेली नव्हे.

गीझरच्या निवडीतही हाच दाब येतो. काही तात्काळ पाणी तापवणारे गीझर दाब पुरेसा नसेल तर चालूच होत नाहीत. शिवाय ३,००० वॅटचा असा गीझर पाण्याचे तापमान २५ अंशांनी वाढवताना मिनिटाला जेमतेम १.७ लिटर पाणी देऊ शकतो. ओट्यावरच्या कामाला ते पुरते, अंघोळीला नाही. न्हाणीघरात पाणी साठवून तापवणारा, टाकीचाच गीझर घ्या. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला साधारण अर्धा युनिट वीज आणि २,००० वॅटच्या गीझरला पाव तासाच्या आसपास वेळ लागतो. पाण्याने भरलेल्या गीझरचे वजन बरेच होते, त्यामुळे तो पातळ आडभिंतीवर टांगू नये, आणि त्याच्या सुरक्षा झडपेतून थेंब पडतात म्हणून तिचे तोंड कधीही बंद करू नये.

फ्रिज निवडताना लेबलावरील ताऱ्यांपेक्षा वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा वाचा. तारे हे सहसा त्या आकाराच्या फ्रिजच्या तुलनेत दिलेले असतात, त्यामुळे जास्त ताऱ्यांचा मोठा फ्रिज कमी ताऱ्यांच्या लहान फ्रिजपेक्षा अधिक वीज घेऊ शकतो. एकाला वर्षाला २२० आणि दुसऱ्याला ३०० युनिट लागत असतील, तर बारा वर्षांत ९६० युनिटांचा फरक पडतो.

प्रश्नकर्ती

आपण दोघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. काल टेप घेऊन आम्ही दोघे नव्या घरी गेलो. टाकीचा तळ कपडे धुण्याच्या जागेतील नळापासून फक्त २ मीटर उंच आहे. त्या जागेच्या दाराची मोकळी रुंदी ५८ सेंटिमीटर भरली. फ्रिजसाठी ठेवलेल्या कोनाड्याची रुंदी ७० सेंटिमीटर असून त्याच्या उजव्या बाजूला लागूनच भिंत पुढे आली आहे. आकडे पाहिल्यावर सामान आधी आणण्याचा आग्रह यजमानांनीही सोडला. आता या मापांत काय बसेल?

दुसरा प्रतिसाद देणारे सदस्य

आपण मोजलेत हे फार चांगले झाले. २ मीटर म्हणजे ०.०२ मेगापास्कल, समोरून उघडणाऱ्या यंत्राच्या किमान मर्यादेच्याही खाली. त्यातून अशी पूर्ण आकाराची यंत्रे साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ८५ सेंटिमीटर उंच असतात. पुढून मागे कमी खोल असलेले यंत्र बाजूने वळवून ५८ सेंटिमीटरच्या दारातून नेता येईल, पण मग दाबासाठी त्या नळावर छोटा पंप बसवावा लागेल. वरून उघडणारे यंत्र आपल्याला अधिक सोयीचे पडेल. त्याला पाणी जास्त लागते हे खरे, परंतु कमी दाबावर चालणारी वरून उघडणारी यंत्रे मिळतात, आणि आईंना कपडे घालण्या-काढण्यासाठी वाकावे लागणार नाही. घेताना पुस्तिकेतला किमान दाबाचा आकडा स्वतः वाचा, यंत्राची रुंदी दाराच्या मापाशी ताडून पाहा, आणि आईंना दुकानात नेऊन पिंपाच्या तळाला हात पुरतो का ते पाहा. खोल पिंपात शेवटचा रुमाल काढताना उंचीने कमी असलेल्या व्यक्तीची अडचण होते.

तिसरा प्रतिसाद

आईंच्या संदर्भात फ्रिजबद्दल एक सुचवते. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखू लागले तेव्हा आम्ही बर्फाचा कप्पा खाली असलेला फ्रिज घेतला. दिवसभर उघडावा लागतो तो मुख्य कप्पा, आणि तो वर असला की भाजी, दूध, औषधे उभ्यानेच घेता येतात. बर्फाचा कप्पा त्या मानाने क्वचितच उघडला जातो.

कोनाड्याच्या मापातून दोन्ही बाजूंची हवेची जागा वजा करायला विसरू नका. किती जागा सोडायची हे पुस्तिकेत दिलेले असते. ती न सोडल्यास उष्णता बाहेर पडायला वाव राहत नाही आणि कॉम्प्रेसर अधिक वेळ चालतो. प्रत्येक बाजूला ५ सेंटिमीटर धरले तर आपल्याकडे ६० सेंटिमीटर रुंदीचा फ्रिज बसेल. त्याहून महत्त्वाची आहे ती उजवीकडची भिंत. बहुतेक फ्रिजच्या बिजागऱ्या उजवीकडे असतात, म्हणजे दार त्या भिंतीवर आपटेल आणि अर्धवटच उघडेल. दार ९० अंशांत उघडले तरी आतले खण पूर्ण बाहेर ओढायला ते पुष्कळदा पुरत नाही. काही फ्रिजची दारे उलट्या बाजूला बसवता येतात. तसा मिळतो का हे आधी विचारा, आणि मिळाला तरी दार डावीकडे उघडल्यावर ओट्याकडे जाण्याची वाट अडत नाही ना, हे जमिनीवर खडूने आखून पाहा. फ्रिज आडवा करून आणला गेला असेल, तर तेल कॉम्प्रेसरमध्ये परत उतरण्यासाठी तो काही तास उभा ठेवून मगच चालू करा.